सदर जागा मोकळी आहे

शहराबाहेरच्या टेकडीमागची सहा एकर जमीन पूर्ण मोकळी आहे असं मी सरकारला लेखी कळवलं, आणि त्या जमिनीवर चौतीस घरं होती.

एखादं घर नजरेतून सुटलं असतं तर चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून निभावून नेलं असतं. चौतीस घरं सुटायला माणूस माझ्याच योग्यतेचा लागतो. बरं, हे मी दुकानात बसून अंदाजाने लिहिलं नव्हतं. भर दुपारी, पोटभर जेवून, मोटारसायकलवर तिथे गेलो होतो. जमिनीच्या मधोमध उभा राहून चार दिशांचे चार फोटो काढले होते. पाचवा स्वतःचा काढला होता. तो अर्जाला जोडला नाही, एवढाच काय तो संयम. तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे भाषा बिनचूक. ‘सदर जागा मोकळी असून तेथे कोणतीही वस्ती अथवा अतिक्रमण नाही.’ खाली सही, सहीखाली शिक्का: सचिव, अकरा गडी फुटबॉल क्लब.

या चुकीची किंमत मी मोजली असती तर ही गोष्ट चारचौघांत हसत सांगता आली असती. मोजली लिंबाजी सरांनी. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. त्यांच्याबद्दल लिहिताना मी मध्ये मध्ये येईन, त्याला इलाज नाही. जिथे जिथे काही बिघडलं तिथे मी होतो.

लिंबाजी सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. उंचीने बेताचे, अंगाने वाळलेले, पण पोटऱ्या अशा की धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्यांनीही वळून बघावं. शिट्टीचा त्यांना तिटकारा होता. “शिट्टी मारून कुत्रं बोलवत्यात,” म्हणायचे. ते टाळी वाजवत. एक टाळी म्हणजे पळा, दोन टाळ्या म्हणजे जिथल्या तिथे थांबा. ती टाळी अशी काही अंगात भिनली होती की अजूनही कुणाच्या लग्नात अक्षता पडल्यावर टाळ्या वाजल्या की आमच्या बॅचचे दोघंतिघं हातातलं ताट घेऊन जागच्या जागी थबकतात.

आमच्या भागात पोरांना कबड्डी माहीत, क्रिकेट तर श्वासासारखं. त्यात फुटबॉल सरांनी एकट्याने आणला. त्यांना त्याचं वेड लागलं ते कोल्हापूरकडे. आईवडील ऊसतोडीच्या टोळीत. सहावीच्या वर्षी शाळा सोडून हेही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेले. एका रविवारी कुण्या ट्रॅक्टरवाल्याने त्यांना शहरात नेलं आणि तिथे हजारो माणसं एका चेंडूसाठी ओरडताना त्यांनी पाहिली. “मला वाटलं, भांडण लागलंय,” ते सांगायचे. “म्हणलं आता कोयतं निघत्यात. मंग कळलं, हे समदं खुशीनं चाललंय.” बालपणाबद्दल ते एवढंच बोलत. तळावरची थंडी, बुडालेलं वर्ष, यातलं काही त्यांच्या तोंडून कधी आलं नाही.

मी त्यांच्या पहिल्या संघात गोलकीपर होतो. पळता येत नव्हतं म्हणून. पहिल्याच सामन्यात अकरा गोल खाल्ले. सर जवळ आले, मला वाटलं आता कानाखाली बसते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “सुधाकर, तुझं अक्षर कसं हाय बे?” चांगलं आहे म्हणालो. “मंग तू सेक्रेटरी.” त्या दिवसापासून आजपर्यंत मी क्लबचा सचिव आहे. सर अध्यक्ष. बाकी सगळे बदलले.

जागा कशी आहे हे बघण्याची त्यांची एक रीत होती. नव्या मैदानावर गेले की कॅनव्हासचे बूट काढायचे, दोन्हींच्या नाड्या एकमेकांना बांधून गळ्यात अडकवायचे आणि अनवाणी, डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालायचे. मध्येच थांबायचे, टाच दाबायचे, पुढे जायचे. आम्ही काही विचारलं की म्हणायचे, “मला नगं इचारू. पायाला इचार.” मीही एकदा डोळे मिटून चाललो होतो. हराटीचा काटा टाचेत शिरला, तो काढायला दवाखान्यात जावं लागलं. पायाने मला नेमकं काय सांगितलं ते अजून कळलेलं नाही.

दुसरी रीत चहाची. ज्याची जागा बघायची त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही. “च्या पिला की उतार बी सपाट दिसाया लागतोय.” मी मात्र सगळीकडे प्यायचो. अध्यक्षांचा वाटा वाया जाऊ नये म्हणून दोन दोन कप प्यायचो.

हा जागेचा शोध आमच्या मागे लागला तो शाळेचं मैदान गेलं तेव्हा. तीस वर्षं आम्ही तिथे खेळत होतो. संस्थेने तिथे मंगल कार्यालय बांधायचं ठरवलं. ज्या गोलमध्ये मी अकरा गोल खाल्ले तिथे आता नवरीकडच्यांची खोली आहे. पाया खणायला जेसीबी आला त्या दिवशी सर फाटकाशी उभे होते. संध्याकाळी दोन्ही गोलपोस्ट खांद्यावर टाकून घरी घेऊन गेले. त्यांच्या अंगणात त्यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपडे वाळत घालायच्या.

त्याच वर्षी एक आशा निघाली. तालुक्याला एक स्टेडियम मंजूर होणार होतं. हिरवळ, बसायला पायऱ्या, पोरापोरींना कपडे बदलायला खोल्या. अट एकच, जानेवारीअखेर जागा दाखवायची. नाही दाखवली तर मंजुरी दुसऱ्या तालुक्याला. नगरपालिकेने आम्हाला बोलावून सांगितलं, फुटबॉल तुम्हीच खेळता, जागा तुम्हीच शोधा. सर त्या दिवशी पायऱ्या उतरताना दोनदा थांबले. छातीवर हात ठेवून हसले. म्हणाले, “सुधाकर, एकदा पायऱ्यावं बसून मॅच बघाची हाय बे. उभा ऱ्हाऊन पाय दुखाया लागलेत.” उभं राहून त्यांचे पाय कधी दुखले नव्हते. छातीचं दुखणं पायांवर ढकलत होते.

पहिली जागा आप्पासाहेबांची. आप्पासाहेब आमच्याकडचे मोठे जमीनदार आणि पुढारी. घाटनांदूरच्या रस्त्याला त्यांची पाच एकर. फुकट देतो म्हणाले. फक्त वडिलांचं नाव, वडिलांचा पुतळा आणि पुतळ्यापर्यंत डांबरी रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांचेच प्लॉट पाडलेले होते, हे मला नंतर कळलं. मी चहा पिऊन, त्यांच्या वडिलांवर चार ओळी मनातल्या मनात रचूनही ठेवल्या होत्या. सर अनवाणी चालून आले. खाली वाकले, भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

“आप्पासाहेब, काळी जमीन हाय. कापसाला सोनं हाय. पर उन्हाळ्यात हितं आमचा गोलकीपर भेगंत जाईल.” मग माझ्याकडे बोट करून, “हा तर आख्खा जाईल.”

सगळे हसले. आप्पासाहेबही हसले, पण त्यांचं हसू मिशीच्या आतच राहिलं. ते ती गोष्ट विसरले नाहीत.

दुसरी जागा सिरसाळ्याच्या बाजूला माळावर. लांबून ताटासारखी सपाट. सरांनी मधोमध चेंडू ठेवला आणि मला म्हणाले, “बघत ऱ्हा.” चेंडू आधी विचार केल्यासारखा थांबला, मग हळूच निघाला. मग जोरात निघाला. मी मागे पळालो. माळ संपला, पाणंद आली, पाणंदीत एका घराच्या अंगणात वाळत घातलेल्या पापडांवरून चेंडू गेला आणि त्यामागून मी गेलो. त्या बाईने मला जे सुनावलं ते ऐकत सर वर माळावर बसून खदखदा हसत होते. एवढं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. हसता हसताच त्यांना धाप लागली आणि चार दिवसांनी लातूरच्या दवाखान्यात भरती करावं लागलं.

डिसेंबर निम्मा सरला होता. सर दवाखान्यात, जागा नाही, आणि मी एकटा. मला वाटलं, आता आपण करून दाखवायचं. सर परत येतील तेव्हा त्यांच्या हातात मंजूर जागाच ठेवायची. तलाठ्याच्या नकाशात टेकडीमागे सहा एकर गायरान दिसलं. म्हणजे सरकारी चराऊ जमीन. गेलो बघायला. आणि काय जागा! पक्का मुरूम. दगडगोटे वेचून बाजूला केलेले. मध्ये मध्ये चौकोन चौकोन झाडून काढल्यासारखे साफ. मी मनात म्हणालो, निसर्गाने आपल्यासाठीच झाडून ठेवलंय. निसर्ग झाडत नाही, झाडणारं कुणीतरी असावं लागतं, हे सुचायला जी अक्कल लागते ती मी अर्ज लिहिण्यासाठी राखून ठेवली होती.

अर्ज धडाधड पुढे गेला. तत्त्वतः मान्यता आली. चौकात फटाके वाजले, मला हार घातला गेला. आप्पासाहेबांच्या पुतण्याने माझ्याबरोबर फोटो काढून क्लबच्या ग्रुपवर टाकला. मी आठ दिवस तो हार दुकानात खिळ्याला टांगून ठेवला होता.

संक्रांतीनंतर सर घरी आले. निम्मे झाले होते. डॉक्टरांनी जिनाही चढू नका म्हणून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रिक्षातून उतरले, पिशवीत चेंडू. “चल बे. दाव तुझी जागा.”

मी त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. वाटभर मीच बोलत होतो. तिथे पोचलो. त्यांनी बूट काढले, गळ्यात अडकवले, डोळे मिटून चालायला लागले. वीसएक पावलं गेले आणि थांबले. डोळे उघडले. पायाशी एक पत्र्याची पाटी, म्हणजे घमेलं, पालथी घातलेली होती आणि तिच्यावर दगड. मी ती आधी पाहिली होती. कुणीतरी टाकलेली भंगार पाटी म्हणून सोडून दिली होती.

सर हळूहळू खाली बसले. दगड बाजूला केला, पाटी उचलली. खाली तीन बाजूंनी मातीची चूल, शेणाने सारवलेली, कोरडी ठणठणीत. वर बोटांचे ठसे. त्यांनी त्या ठशांवर आपली बोटं ठेवली नाहीत, नुसतं बघत राहिले. मग पाटी होती तशी पालथी घातली, दगड होता तसा ठेवला.

“सुधाकर, मोज.”

“काय मोजू?”

“चुली मोज.”

मी मोजल्या. चौतीस. प्रत्येक साफ चौकोनाच्या एका कोपऱ्यात एकेक. ऊसतोडीला जाताना ही माणसं बल्ल्या, ताडपत्र्या, पत्रे, सगळं ट्रॅक्टरवर टाकून नेतात, कारण तिथे तळावर त्याचीच कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायची असते. मागे राहते चूल. ती नेता येत नाही. म्हणून झाकून जातात. बीड जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. अर्धा जिल्हा दिवाळीनंतर निघून जातो, आणि मी डिसेंबरात जाऊन लिहिलं, वस्ती नाही.

तेवढ्यात बाभळीच्या बाजूने दोन शेळ्या आल्या आणि शेळ्यांमागून एक म्हातारी. गयाबाई तिचं नाव.

“कोन हाय रं?”

“आमी शहरातलं, मावशे,” सर म्हणाले. “हितली माणसं?”

“कारखान्याला गेलीत की. पाडव्याला येत्याल. मला आता वझं उचलंना, म्हून मला ठिवलं राखण.” मग तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “तू आलतास ना मागं? फटफटीवर? उगं गरगर फिरून फोटू काढत व्हतास. मला वाटलं, लगीन ठरलं असंल.”

“मग मावशी, तुम्ही बोलला का नाही मला?”

“तू इचारलं कावून न्हाईस?”

ती शेळ्यांमागे निघून गेली. मला आठवलं, याच वस्तीतल्या दोन घरांचे रेशनकार्डाचे अर्ज माझ्याच दुकानात टाईप झाले होते. ‘राहणार: गायरान, टेकडीमागे.’ माझ्याच बोटांनी.

सरांनी पिशवीतून चेंडू काढला. दोनदा आपटला. मुरुमावर तो असा काही नीट उसळला की त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, “लई झ्याक जागा हाय बे.” मग ते चेंडू पायाने हळूहळू ढकलत चालायला लागले, चुली चुकवत चुकवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टरांनी मना केलेलं मला माहीत होतं. अडवण्याची हिंमत झाली नाही. पलीकडच्या टोकाला पोचून त्यांनी चेंडू हातात घेतला आणि तिथेच दगडावर बसले.

मी जवळ गेलो. “सर, त्यांना दुसरीकडे जागा देतील ना.”

“कोण?”

“सरकार.”

“सरकारला म्हाईतच न्हाई ती हायेत म्हणून. तूच कळिवलंस, न्हाईत म्हणून. जी न्हाईतच त्यांना कोण जागा दील?”

मी म्हणालो, “पण सर, एकदा मंजुरी गेली की परत यायला दहा वर्षं लागतील. आणि तुमच्या...”

“माझ्या हयातीत व्हत न्हाई. म्हाईत हाय.” त्यांनी चेंडू पिशवीत घातला. “कागुद माघारी घ्यायचा. आज. पाडव्याला माणसं येत्याल तवा हितं तारांचं कुंपण नगं.”

त्या दिवशी दुपारी माझ्या दुकानात मी जागेचा अर्ज मागे घेण्याचं पत्र टाईप केलं. लिहिलं, ‘सचिवांच्या अक्षम्य चुकीमुळे’. ‘अक्षम्य’ हा शब्द लिहून मला जरा बरंही वाटलं होतं. सरांनी वाचलं, पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. वर लिहिलं, ‘क्लबच्या निर्णयानुसार’.

“सर, चूक माझी आहे.”

“तुझं दुकान तहसीलीसमोर हाय. लोकं तुझ्याकडं कागुद घिऊन येत्यात ती तुझ्या शब्दावर. उद्या तू खोटं लिवतो असं झालं, तर कोण येईल? मी रिटायर हाय. माझं काय जातंय.”

त्यांनी अध्यक्ष म्हणून सही केली. मी माझी करायला गेलो तर म्हणाले, एक पुरे. मी जास्त आग्रह केला नाही. हे वाक्य मला चार वेळा खोडावंसं वाटलं, पण राहू देतो.

मंजुरी दुसऱ्या तालुक्याला गेली. सगळ्या शहराला कळलं ते एवढंच की मिळालेली जागा लिंबाजी मास्तरने स्वतःच्या सहीने घालवली. का, तर कुणी म्हणे दुखण्याने डोकं फिरलंय, कुणी म्हणे पलीकडच्या तालुक्याने काहीतरी दिलं असेल. आप्पासाहेब जाहीर सभेत म्हणाले, फुकटची काळी आई नको म्हणणाऱ्या माणसाकडून आणखी काय होणार. त्यांच्या पुतण्याने ग्रुपवर टाकलं, ‘मास्तरचा सेल्फ गोल’. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्या ग्रुपचा ॲडमिन मी. एक ओळ लिहिली असती तर रांग थांबली असती. मी बराच वेळ अंगठा फिरवत बसलो आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कुणाला आणि कशासाठी जोडले होते ते आजतागायत मला सांगता आलेलं नाही. स्वतःला एवढंच म्हणायचो, सरांनीच सांगितलंय ना, कागदावर नाव नको.

सरांच्या अंगणात संध्याकाळी जुने खेळाडू जमायचे, ते बंद झालं. एकदा बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. रस्त्यापलीकडून आमचा जुना सेंटर फॉरवर्ड, आता कापडाचं दुकान असलेला, घाईने चालला होता. सरांनी हाक मारायचं सोडून सवयीने दोन टाळ्या वाजवल्या. तो जागच्या जागी थांबला. तीस वर्षांची सवय, पायच थांबले. मग त्याने वळून पाहिलं, टाळी कुणाची ते त्याला दिसलं, आणि तो पुढे निघून गेला. सर आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “घाईत असंल.” आणि मेथीची जुडी निवडायला लागले.

पाडव्याच्या आठवड्यात मी टेकडीमागे जाऊन आलो. ट्रॅक्टर आले होते. बल्ल्या रोवल्या जात होत्या, पत्रे चढत होते, चौतीस ठिकाणी धूर निघत होता. मध्ये काय घडून गेलं याची त्यांच्यापैकी एकालाही कल्पना नव्हती. मी सरांना म्हणालो, त्यांना सांगायला पाहिजे, तुम्ही काय केलंत ते. सर म्हणाले, “कावून? त्यांचीच जागा त्यांना ठिवली, ह्यात मी काय दिलं?”

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जीपच्या खिडकीतून. सिरसाळ्याला एका लग्नाला गेलो होतो, आप्पासाहेबांच्या पुतण्याच्या गाडीत. क्लबचे आणखी दोघं होते. परतताना रस्त्याकडेच्या एका पडीक रानात एक माणूस लांब टांगा टाकत चाललेला दिसला. सर होते. एकटे, एस्टीने आलेले असणार. पावलांनी रान मोजत होते. ओठ हलत होते, आकडे म्हणत असावेत. निम्म्यावर गेल्यावर थांबले, इकडेतिकडे पाहिलं. आकडा विसरला असणार. ते मागे फिरले, बांधापर्यंत आले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

पुतण्याने गाडी हळू केली. “बघा बघा, मास्तर अजून जागा हुडकतोय. आता ही बी घालवायलाच हुडकतोय का काय म्हाईत.”

गाडीत सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. गाडी पुढे गेली. उतरून त्यांना घरी घेऊन यावं हे माझ्या मनात आलं तेव्हा आम्ही नाक्यावर पोचलो होतो, आणि नाक्यावर चहा सांगितला होता.

पोळ्याच्या चार दिवस आधी ते गेले. अंत्ययात्रेला माणसं थोडी होती. तिरडी अंगणातून बाहेर काढताना वाळत घातलेल्या साड्या बाजूला कराव्या लागल्या.

तेराव्यानंतर मी तीन दिवस बसून एक लेख लिहिला. सगळं खरं लिहिलं. चौतीस घरं, माझा अर्ज, खोडलेली ओळ, ग्रुप, जीपमधलं हसणं, सगळं. असा लेख मी आयुष्यात लिहिला नव्हता. आमच्याकडच्या पेपरचा संपादक वाचून म्हणाला, सुधाकरराव, एवढा प्रामाणिकपणा हल्ली कुठे राहिलाय, रविवारी पहिल्या पानावर घेतो. छापण्याआधी काकूंना वाचून दाखवावा म्हणून त्यांच्याकडे गेलो.

काकू अंगणात तूर पाखडत होत्या. मी वाचायला लागलो. मध्ये दोनदा माझा आवाज भरून आला, एकदा थांबून पाणी प्यालो. त्यांचं सूप चालूच होतं. जिथे मी स्वतःला भित्रा म्हटलं होतं तिथे ते क्षणभर थांबलं, असं मला वाटलं. वाचून झालं. मी कागद घडी घातला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो.

“पेपरात येणार का?” त्यांनी विचारलं.

“हो काकू. रविवारी. पहिल्या पानावर.”

“फोटू?”

“सरांचा. आणि शेजारी लहानसा माझा. संपादक म्हणाले.”

त्यांनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

“चुकी तू केली,” काकू म्हणाल्या, “बोलणी त्यांनी खाल्ली. आन् आता कबूल करून मोठा बी तूच व्हणार.”